म्हातारबाबा बाजूला झाले

मोबाइल डोळ्यांसमोर धरून मी उभी होते आणि एक म्हातारबाबा काही केल्या मधून हलेनात. घटना एवढीच. उत्तर फ्रान्समधल्या जेरबरवा गावातली गल्ली अशी, की कुणीतरी माझ्यासाठीच रंगवून ठेवली असावी. दगडी गोट्यांची फरसबंदी, दोन्ही बाजूंना काळ्या लाकडी पट्ट्यांची, जराशी एकमेकींकडे कललेली घरं, दारांच्या कडेकडेने चढलेले गुलाब, आणि पुढे गल्ली वळते तिथे ढगांतून निसटलेलं ऊन. जून महिना, सकाळचे साडेनऊ. आदल्या रात्री आम्ही जवळच मुक्काम केला होता, म्हणून पर्यटकांच्या बसगाड्यांच्या आधी पोचलो होतो. आणि या सगळ्याच्या बरोब्बर मधोमध निळ्या कामाच्या कोटातले, वाकलेले, हातात पत्र्याची झारी घेतलेले ते बाबा. एका गुलाबाच्या बुंध्याशी पाणी घालायचे, थांबायचे, कंबर सरळ करायचे, मग पुढच्याकडे. मी हात खाली घेतला, वर केला, पुन्हा खाली घेतला. घसाही खाकरला असेन. त्यांनी वळून पाहिलं, मोबाइल पाहिला, काहीतरी पुटपुटले आणि झारी घेऊन जवळच्या दारात सरकले. तिथून हाताने खूण केली, घ्या. मी घेतला. फोटो फार सुंदर आला.

परतीच्या वाटेवर गाडीत मी लेकीला विचारलं, "काय म्हणाले गं ते आजोबा?" ती माझ्या मागेच उभी होती, तिला ऐकू गेलं होतं. "काही नाही गं आई, जाऊ दे." ही मुलगी लहानपणी प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी ठेवून याच सुरात 'काही नाही' म्हणायची, त्यामुळे मी सोडलं नाही. आमिआँ जवळ आलं, मोठ्या रस्त्याला लागलो, तेव्हा समोर बघतच ती म्हणाली, "ते म्हणाले, झालं बघा, आता स्वच्छ आहे."

स्वच्छ.

रागावून म्हणाले असते तर मीही मनातल्या मनात दोन उत्तरं दिली असती. पण ते रागावलेले नव्हते. खूण करताना हसलेसुद्धा होते, शेजाऱ्याला गाडी काढायची म्हणून आपली सायकल बाजूला घ्यावी इतक्या सहज. रोज किती जणांसाठी ते असे बाजूला होत असतील कोण जाणे. त्या रात्री लीलला, लेकीच्या घरी, अंथरुणावर पडल्या पडल्या मी तीन आठवड्यांचे फोटो मागे मागे सरकवत गेले. दोनशेच्या वर होते. चौक, कमानी, खिडक्यांची निळी झडपं, पुलाखालचं पाणी, बेकरीच्या काचेआडचे पाव. कचऱ्याचा डबा नाही, उभी गाडी नाही, माणूस नाही. हे आपोआप झालेलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी मी थांबले होते, मंडळी निघून जायची वाट पाहिली होती. एकदा तर व्हीलचेअरवरच्या एका बाईची.

आमच्या आईच्या अल्बममध्ये अगदी उलटं आहे. अष्टविनायकाच्या यात्रेचे सात फोटो आहेत आणि एकातही देऊळ धड दिसत नाही. सगळे ओळीने उभे, उन्हाने डोळे बारीक केलेले, काकूच्या हातात प्रसादाची पिशवी, कुणाचं तरी पोर भोकाड पसरलेलं. मागे कळसाचा तुकडा आला तर आला. "हे कुठलं गं?" विचारलं की आई काकूच्या लुगड्यावरून ओळखायची. हिरवं लुगडं म्हणजे ओझर. आम्ही भावंडं हसून हसून लोळायचो. आता माझ्या फोटोंत देवळंच देवळं आहेत, आणि ती बघायला गेलेलं कुणीच नाही.

जेरबरवाला गाव म्हणणंसुद्धा जरा जास्तच. वस्ती शंभराच्या आत. एका टेकाडावर जुन्या किल्ल्याच्या अवशेषांना धरून बसलेली मूठभर घरं, एक चर्च, एक छपराखालचा बाजारकट्टा. रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासात फेरी पुरी होते. एके काळी नॉर्मंडीच्या सरहद्दीवरचं हे ठाणं. इंग्लंड जिंकलेला विल्यम १०७९च्या सुमाराला इथे आपल्याच थोरल्या मुलाला वेढा घालून बसला होता, आणि चकमकीत त्या मुलाने बापाला घोड्यावरून खाली पाडलं. बापलेकांची भांडणं राजवाड्यातली असली तरी इस्टेटीचीच. पण गल्लीतून चालताना यातलं काही आठवत नाही. जाणवतो तो वास. ओल्या मातीचा, चुन्याचा, जुन्या लाकडाचा. घरांच्या भिंती म्हणजे लाकडाचा सांगाडा, मधल्या चौकटींत कामट्या आणि त्यांवर माती-गवताचा काला लिंपलेला. एका घराचा गिलावा कोपऱ्यात पडला होता, आतल्या कामट्या उघड्या झाल्या होत्या. मी हळूच बोट लावलं. अरे, हा तर कूड! संगमेश्वराकडे आमच्या आजोळी पडवीला अशाच कुडाच्या भिंती होत्या. दिवाळीच्या आधी आजी त्या शेणामातीने सारवायची आणि तिच्या बोटांचे अर्धगोल भिंतीवर वर्षभर राहायचे. आमच्याकडे कूड म्हणजे चिरेबंदी बांधायची ऐपत नसल्याची खूण. मामा मुंबईला गिरणीत लागला, पैसे साठवले, आणि पहिलं काय केलं तर कूड पाडून चिऱ्याची भिंत घातली, वर वाडीभर पेढे वाटले. त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पावसाळ्यात त्या कुडातून विंचू यायचे. इथे मात्र तशाच भिंतीसमोर लोक पॅरिसहून गाड्या काढून येतात आणि भारावून उभे राहतात. मीही राहिले. आजीच्या पडवीचा माझ्याकडे एकही फोटो नाही.

या गावाला आजचं रूप मिळालं ते एका चित्रकारामुळे. आंरी ल सिदानेर १९०१ साली इथे आला, पुढे घर घेतलं, किल्ल्याच्या पडक्या भिंतींच्या आधाराने टप्प्याटप्प्यांची बाग उठवली आणि गावकऱ्यांनाही दारोदार गुलाब लावायची गोडी लावली. म्हणजे मी ज्या पुरातन गुलाबांसमोर हरखून उभी होते, त्यांची परंपरा फार तर माझ्या पणजीच्या वयाची. बाग आज लोकांना बघायला मिळते. त्याची चित्रं मी आधी पाहिली नव्हती. बहुतेकांत एक मांडलेलं टेबल असतं. पांढरा कपडा, दोन कप, फळांची ताटली, कधी एक दिवा, मागच्या खिडकीत पिवळा उजेड. माणूस नाही. सुरुवातीच्या चित्रांत होती माणसं. नंतर नंतर त्याने ती जवळजवळ काढूनच टाकली. म्हणजे माझ्याच जातीचा निघाला, असं क्षणभर वाटलं. पण ती रिकामी टेबलं बघताना 'स्वच्छ' हा शब्द एकदाही मनात येत नाही. कुणीतरी आत्ता, दूध उतू जाईल म्हणून, आत पळालंय आणि येईलच, असं वाटत राहतं. त्याने माणसं काढली, पण त्यांच्या बसण्याची ऊब खुर्चीत ठेवली. मी तीही ठेवली नव्हती.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. हा माणूस जन्मला मॉरिशसमध्ये, पोर्ट लुईला, १८६२ साली. दहा वर्षांचा होईतो तिथेच होता, मग घरचे उत्तर फ्रान्सला डंकर्कला आले. त्याच काळात त्याच बंदरात मुंबईहून जहाजं लागत होती आणि त्यांतून रत्नागिरीकडची, घाटावरची माणसं उसाच्या मळ्यांवर करारावर खपायला उतरत होती. त्यांच्या पणतवंडांचा गणपती आज तिथे सार्वजनिक सुट्टीचा सण आहे. त्या पोराने ती माणसं धक्क्यावर पाहिली असतील का? पाहिली असली तरी त्याच्या चित्रांत ती आलेली नाहीत. पण मग नंतरच्या चित्रांत कुणीच आलेलं नाही, त्याला काय करायचं.

आरासला आम्ही जेरबरवाच्या आदल्या आठवड्यात जाऊन आलो होतो. "आई, शनिवारी आरास बघायला जाऊ," असं लेक म्हणाली तेव्हा मला वाटलं, जूनमध्ये कुठली गणपतीची आरास? गावाचं नावच ते. लीलहून आगगाडीने तासाभराच्या आत. दोन मोठ्ठे चौक, भोवताली एकाला एक लागून १५५ दर्शनी भिंती, प्रत्येकीच्या माथ्यावर गोल वळणं घेत गेलेलं शिखर, खाली दगडी खांबांचा लांबलचक ओटा. पाऊस आला तर कमानींखालून अख्खा चौक कोरड्या अंगाने पार करावा. टाउन हॉलचा मनोरा ७५ मीटर उंच, त्याच्या टोकावर सिंह. शनिवारचा बाजार भरला होता. फिरत्या सळयांवर कोंबड्या भाजत होत्या आणि खालच्या बटाट्यांवर त्यांची चरबी टपटपत होती. चीजच्या गाडीवरून असा वास येत होता की मी आधी स्वतःच्या बुटाखाली पाहिलं. त्या गाडीशीच उभं राहून मी वर बघत लेकीला म्हटलं, "चारशे वर्षं जपलंय बघ यांनी. नाहीतर आपण!" चीजवाल्या बाईने विचारलं, काय म्हणतेय आई. लेकीने सांगितलं. बाई मनापासून हसली आणि सुरी पुसत म्हणाली, "हे सगळं माझ्या आजीपेक्षा लहान आहे."

खरंच आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन तोफा शहराच्या उंबऱ्याशी येऊन थांबल्या होत्या. २१ ऑक्टोबर १९१४ला मनोरा कोसळला, आणि युद्ध संपेपर्यंत चौकांच्या जागी विटांचे ढीग उरले. मग गावाने ठरवलं, जसं होतं तसंच बांधायचं. जुने फोटो, जुनी मोजमापं, मिळेल ते गोळा करून वळणाला वळण जुळवत भिंती उठवल्या. मनोरा १९३२पर्यंत पुन्हा उभा राहिला, आतून काँक्रीटचा. एवढं ऐकल्यावर माझा चेहरा पडला असावा. म्हणजे नावाप्रमाणे खरोखरच आरास निघाली की! मघाशी ज्या वळणांवर जीव ओवाळून टाकला होता, तीच आता मखरासारखी दिसायला लागली. फसवल्यासारखं वाटलं, आणि कुणी फसवलं म्हणावं तर कुणीच नाही. ती बाई तर उलट खरं बोलली होती.

हा हिरमोड उतरला तो एका जुन्या बाजाराच्या टेबलावर. कमानींखाली एक गृहस्थ खोक्यांतून जुनी पोस्टकार्डं विकत होते. युद्ध संपायच्याही आधी, १९१७पासून, मिशलँ या टायरवाल्या कंपनीने रणभूमी बघायला जाणाऱ्यांसाठी प्रवासाची पुस्तकं काढायला सुरुवात केली होती. पडझड बघायला माणसं येत होती, आणि अवशेषांची कार्डं छापली जात होती. देखावा म्हणून काय काय खपेल ते सांगता येत नाही. मी उगाच चाळत होते. आणि एका कार्डाशी थांबले. माळरान, चिखल, आणि ओळीने अर्धगोल झोपड्या, जमिनीवर अर्धी पिंपं पालथी घातल्यासारख्या. एका झोपडीच्या दारात दोरीवर कपडे, आणि एक बाई हातात बादली घेऊन थेट कॅमेऱ्याकडे बघणारी. माझ्या तोंडून मोठ्यांदा निघालं, "अगं, हे तर गोखलेनगर!"

लेक आधी घाबरलीच. तिला सांगितलं. माझी थोरली आत्या नारायण पेठेत नदीजवळ राहायची. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, मुठा गावात शिरली, आत्याचा संसार पाट्यावरवंट्यासकट गेला. पूरग्रस्तांना ज्या वस्त्या दिल्या त्यांतली एक गोखलेनगरला, आणि तिथल्या त्या कमानीच्या घरांना सगळे 'निसन हट' म्हणायचे. मी जन्मले त्यानंतर, पण लहानपणी मे महिन्यात तिथे राहायला जायचे. छताची कमान थेट खाली येत असल्याने कपाट भिंतीला टेकतच नसे. त्याच्या मागे जो त्रिकोण उरायचा तो आम्हा पोरांचा. पन्नास वर्षं मी समजत होते की निसन म्हणजे कुठल्याशा सरकारी योजनेचं नाव असणार. निसन हा एक माणूस होता, ब्रिटिश सैन्यातला इंजिनियर मेजर. १९१६ साली याच आघाडीवर शिपायांच्या डोक्यावर झटपट छप्पर घालायला त्याने ही अर्ध्या पिंपाची झोपडी काढली. युद्ध संपल्यावर घरं गमावलेली इथली माणसं परत आली, आणि विटा रचून होईपर्यंत त्यांतल्या कितीतरी कुटुंबांनी असल्याच झोपड्यांत दिवस काढले. ती कार्डातली बाई आणि आमची आत्या एकाच छपराखालच्या. आत्याही अशीच दारात उभी राहायची, कपाळावरचा घाम कोपराने पुसत. चौकाकडे पुन्हा पाहिलं तेव्हा भिंती तशाच होत्या, पण मखर म्हणावंसं वाटेना. चिखलात बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईला जर कुणी विचारलं असेल, कसं बांधायचं, तर ती काय म्हणेल? होतं तसं. दुसरं काय म्हणेल. आत्याला कुणी विचारलं नाही, हा भाग वेगळा. ती आयुष्यभर 'आमच्या वाड्यात' अशी सुरुवात करायची आणि पुढचं वाक्य विसरायची. कार्ड मी घेतलं. दोन युरो. तोवरच्या माझ्या सगळ्या प्रवासातला माणूस असलेला तो एकमेव फोटो, आणि तोही मी काढलेला नाही.

मधे एक दिवस मोंत्रय-स्युर-मेरला गेलो. नावात समुद्र आहे, गावात नाही. नदीच्या गाळाने तो केव्हाच दूर ढकलला. तटावरून गावाभोवती पूर्ण फेरी मारता येते, एका बाजूला लाल कौलं आणि दुसऱ्या बाजूला गाईंची कुरणं. व्हिक्टर ह्यूगो इथे काही तासच थांबला होता म्हणतात, पण तेवढ्यात त्याने 'ले मिझराब्ल' कादंबरीतल्या आपल्या जाँ व्हालजाँला या गावचा महापौर करून टाकलं. दर उन्हाळ्यात गावातलेच लोक, बेकरीवाल्यापासून शाळकरी पोरांपर्यंत, जुने कपडे चढवून किल्ल्यात त्या गोष्टीचा प्रयोग करतात. आमच्या वेळी तो नव्हता. मला तिथली चढाची एक गल्ली आवडली, गुडघ्यांना आवडली नाही. बाकी तिथे माझ्या डोक्यात काही आलं नाही, पाव मात्र उत्तम होता.

जेरबरवानंतर, 'स्वच्छ' डोक्यात घुसून बसल्यावर, मी लेकीला म्हटलं की आता एकच ठिकाण बघायचंय. नव-शापेल. लीलहून तीसेक किलोमीटर. 'नव' म्हणजे तिकडेही नवंच. माझं माहेर बोपोडीचं. खडकीच्या छावणीच्या कडेकडेने आम्ही शाळेत जायचो. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे, भिंतीपलीकडून कवायतीचा आवाज. 'सॅपर्स' हा शब्द आमच्या तोंडी बसथांब्यासारखा असायचा, त्याचा अर्थ कधी विचारला नाही. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, खंदक खणणारा, रस्ता करणारा शिपाई. १९१४च्या शरद ऋतूत खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला उतरल्या. मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. २८ ऑक्टोबरला, म्हणजे आरासचा मनोरा पडल्याच्या आठवड्याभरात, त्यांना ४७व्या शीख पलटणीबरोबर नव-शापेल परत घ्यायला पाठवलं. पूल बांधणाऱ्यांना संगिनी लावून. उघड्या शेतातून ते गावात शिरले आणि घराघरांतून, गल्लीगल्लीतून झुंजले. मागून कुमक आली नाही. दोन्ही कंपन्यांचे बहुतेक सगळे अधिकारी पडले, उरलेले मागे आले. पुढच्या मार्चमध्ये तिथे मोठी लढाई झाली तेव्हा हल्ला करणाऱ्यांत निम्मं सैन्य हिंदी होतं. उत्तर फ्रान्सच्या गल्ल्यांतून हिंडणारी आपल्याकडची पहिली मोठी मंडळी ती. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉर उघडायचा. त्यांचे उतारे लंडनला जपून ठेवलेत. त्यांत तोफा आहेत, थंडी आहे, पण फळबागाही आहेत, काळीभोर जमीन आहे, पुरुष लढाईवर गेल्याने एकट्या शेत ओढणाऱ्या बायका आहेत, आणि आईसारखं बघणाऱ्या घरमालकिणी आहेत. म्हणजे एवढ्या सगळ्यात त्यांना माणसं दिसत होती.

स्मारक गावाबाहेर, रस्त्यांच्या तिठ्यावर आहे. गाड्या वळून जातात. हर्बर्ट बेकरने ते बांधलं, नवी दिल्लीतल्या सचिवालयाच्या इमारती ज्याच्या, तोच. १९२७ साली पुरं झालं. गोल आवार, कठड्याला दगडी जाळी, जवळजवळ १५ मीटरचा खांब, वर कमळ, पायथ्याशी दोन वाघ. त्या सपाट बटाट्याच्या शेतांत ते असं दिसतं, की कुणीतरी सांचीचा तुकडा वाटेत विसरून गेलंय. आत भिंतीवर चार हजार सातशेहून जास्त नावं, ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची. पलटणवार कोरलेली, इंग्रजी लिपीत. सॅपर्सचा मथळा सापडल्यावर मी एकेक नाव बोट ठेवून वाचत गेले, इंग्रजी स्पेलिंगमधून आपला उच्चार शोधत. लिहून घेणाऱ्या साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते. मोठ्याने वाचलं की ती सुटतात, हे मला तिसऱ्या-चौथ्या नावाला कळलं. आवारात दुसरं कुणी नव्हतं. ऊन स्वच्छ होतं, गवत नुकतं कापलेलं, दगड पांढरे. जसा फोटो मला हवा असतो अगदी तसा. लेक म्हणाली, "घे ना." मी म्हटलं, "तू आत उभी राहा आधी." ती उभी राहिली, डोळे बारीक करून, हातात पाण्याची बाटली, आणि मागच्या खांबाचं कमळ नेमकं कापलं गेलं. आईला आवडला असता तो फोटो.

मग गावात गेलो. लढाईत ते पुरतं सपाट झालं होतं, त्यामुळे जे आहे ते सगळं नंतरचं. आणि इथे कुणी जुन्याची नक्कल करायला बसलेलं नाही. साधी लाल विटांची घरं, समोर गवताचा तुकडा, गॅरेजचे पांढरे दरवाजे, एक चर्च. इकडच्या शेतांत नांगराला आजही तोफगोळे लागतात. शेतकरी ते बांधाला काढून ठेवतात आणि सरकारी माणसं येऊन घेऊन जातात. दुपारचे तीन वाजले होते. झडपं अर्धी ओढलेली, कुठूनतरी धुतलेल्या कपड्यांचा वास, एक कुत्रं आम्हाला बघून भुंकायचा आळस करत पडलेलं. या रस्त्यावर मोबाइल वर करावा असं काही नव्हतं. ज्या गल्ल्यांत खडकीची माणसं शिरली होती त्या गल्ल्याच उरलेल्या नाहीत. आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, मग परत. मला वाटत होतं, कुणीतरी दार उघडून बाहेर यावं. झारी घेऊन, कचरा टाकायला, कशालाही. कुणी आलं नाही. शेवटी लेक म्हणाली, "आई, गाडीकडे जाऊया का? पाय दुखले असतील तुझे."

पुण्याला आल्यावर नणंद आणि तिचे यजमान जेवायला आले, तेव्हा ह्यांनी फोटो टीव्हीला जोडले. खरं तर मी टाळत होते. आरास झालं, मोंत्रय झालं, प्रत्येकावर "अगंबाई!" झालं. गोखलेनगरचं कार्ड मी हातोहात फिरवलं. नणंदेने त्या बाईला बराच वेळ निरखलं आणि आत्याची आठवण काढली, मग आमटी वाढली गेली. आणि मग जेरबरवाची ती गल्ली पडदाभर आली. ऊन, गुलाब, कललेली घरं. नणंद चमचा हातात धरून बघतच राहिली. म्हणाली, "कित्ती स्वच्छ आहे गं सगळं!"

मोबाइलच्या तळहाताएवढ्या काचेवर जे कधी दिसलं नव्हतं ते टीव्हीवर दिसलं. पहिल्या गुलाबाच्या बुंध्यापासून पाण्याची एक काळसर रेघ निघाली होती. झारी गळकी असणार. दगडांवरून ती थेंबाथेंबाने पुढच्या गुलाबाकडे गेली होती, तिथे जरा जाड झाली होती, आणि मग मधेच वाकडी वळून, घाईने, डावीकडच्या दारात शिरली होती. उंबऱ्याच्या काळोखात निळ्या कोटाची बाही होती. कोपरापासून खाली, एवढीच.

"पुढचा लाव ना," नणंद म्हणाली.

रिमोट माझ्याच हातात होता. "थांब जरा," मी म्हटलं, आणि उठून टीव्हीच्या जवळ गेले.